शून्य उंचीवरचा कॅमेरा

नगर कार्यालयाच्या प्रसिद्धी विभागाचा कॅमेरा पादचारी पुलाच्या उद्घाटनात पडला. अधिकृत नोंद एवढीच आहे आणि तिच्यात एक अक्षरही खोटं नाही. फक्त एक काना कमी आहे. कॅमेरा पडला आणि कॅमेरा पाडला यांत एका कान्याचंच अंतर असतं, पण त्या कान्याची जबाबदारी घ्यायला कार्यालयात कुणी पुढे येईना.

घडलं ते असं. फीत कापून झाल्याबरोबर मोठे साहेब, म्हणजे कार्यालयप्रमुख, "बघू, कसा आलोय" असं म्हणत फोटोवाल्यांकडे वळले आणि त्यांनी कॅमेरा ओढला. फोटोवाले म्हणजे विभागाचे एकुलते एक छायाचित्रकार. कॅमेऱ्याचा पट्टा त्यांच्या गळ्यात होता, तेव्हा कॅमेऱ्यामागोमाग तेही ओढले गेले. वाकून त्यांनी पट्ट्यातून मान सोडवून घेतली. आता कॅमेरा साहेबांनी धरलाय असं फोटोवाल्यांना वाटलं, फोटोवाल्यांनी धरलाय असं साहेबांना वाटलं, आणि कॅमेऱ्याला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. तो साहेबांच्या बुटावर आदळून खाली गेला. भिंगाच्या कडेला चिमूटभर खरचटलं. फोटो पूर्वीइतकेच चांगले येत राहिले, म्हणजे बेताचेच.

फोटोवाले मवाळ माणूस होते. रोज संध्याकाळी निघण्यापूर्वी ते मऊ फडक्यानं कॅमेरा पुसायचे आणि मग चष्मा पुसायचे, त्याच क्रमानं. त्या दिवशी त्यांनी खरचटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि गप्प बसले. बोलले असते तर काना लावावा लागला असता.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष अर्थातच मोठे साहेब, कारण घटना त्यांनी सर्वांत जवळून पाहिली होती. शेजारी उपप्रमुख, म्हणजे छोटे साहेब.

"पडण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या वागणुकीत काही बदल जाणवला होता का?" छोट्या साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब," फोटोवाले म्हणाले.

"म्हणजे तुमचं लक्ष नव्हतं."

समितीनं दोष कुणालाच दिला नाही, उपाय मात्र सुचवले. गळ्यातल्या पट्ट्याला जोडून एक पट्टा कमरेला आला आणि एक दोरी मनगटाला. कॅमेरा डोळ्याला लावायचा तर फोटोवाल्यांची पँट वर यायची. तरी बोटांतून निसटला तर, या शंकेनं साहेबांना झोप लागेना, म्हणून गादीतला स्पंज आणून कॅमेऱ्याला चहूबाजूंनी गुंडाळला. "सगळ्यात नाजूक भाग भिंगाचा, आणि तोच उघडा?" असं छोटे साहेब म्हणाले. मग भिंगावरही स्पंज बसला. त्यानंतरच्या वृक्षारोपणाचे सगळे फोटो एकसारखे करडे आले.

मोठ्या साहेबांनी ते नीट पाहिले. "पाठवा पेपरला. धुकं होतं म्हणा."

पण धुक्यात साहेब ओळखू येईनात. स्पंज निघाला आणि पुन्हा बैठक बसली. या बैठकीला भांडारपालांना मुद्दाम बोलावलं होतं. कार्यालयात त्यांच्या शब्दाला फार वजन. त्यांच्या ताब्यातली एकही वस्तू आजवर मोडली नव्हती, कारण त्यांनी एकही वस्तू आजवर कुणाला वापरायला दिली नव्हती.

"वस्तू पडते कशामुळे?" भांडारपालांनी सगळ्यांकडे पाहत विचारलं.

"निष्काळजीपणामुळे," छोटे साहेब म्हणाले.

"नाही. उंचीमुळे. जमिनीवर ठेवलेली वस्तू कितीही निष्काळजी माणसानं पाडून दाखवावी. जमायचं नाही."

काहीतरी मोठं बोललं गेलंय, हे सगळ्यांना समजलं. मोठ्या साहेबांनी टेबलावरचं पेन उचललं, जमिनीवर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. पेन पडलं नाही.

परिपत्रक निघालं. 'यापुढे सर्व कार्यालयीन छायाचित्रण शून्य उंचीवरून करण्यात यावे. कॅमेऱ्याचा तळ जमिनीस पूर्णपणे टेकलेला असावा. सदर धोरणात बदल करण्याचा अधिकार केवळ कार्यालयप्रमुखांस राहील.'

फोटोवाले पालथे पडून काम करू लागले. संध्याकाळी घरी गेल्यावर बायको त्यांच्या शर्टाच्या पुढच्या बाजूकडे पाहायची, मग तोंडाकडे पाहायची आणि बादलीत साबण घालायची. फोटोंत आता सगळ्यांचे बूट येत. वाचनालयाच्या नव्या दालनाचं उद्घाटन वर्तमानपत्रात छापून आलं तेव्हा खाली ओळ होती, 'डावीकडून मोठे साहेब, छोटे साहेब व मान्यवर', आणि वर नुसते बुटांचे जोड. छोट्या साहेबांच्या बुटाचा तळ पुढून उसवलेला होता, तो सगळ्या गावानं पाहिला. कॅमेरा लांब ठेवला तर मधे खुर्च्यांचे पाय यायचे. एकदा फोटोवाल्यांनी भिंगाखाली घडी केलेला रुमाल सरकवला, तेव्हा साहेबांच्या हनुवटीपर्यंत मजल गेली. पण भांडारपालांनी ते पाहिलं. रुमालाची जाडी मोजण्यात आली, आणि कॅमेरा तेवढ्या उंचीवरून पडू शकला असता असा शेरा फोटोवाल्यांच्या सेवापुस्तकात गेला.

मोठे साहेब अस्वस्थ होते. बूट कितीही चमकवले तरी ते कुणाचेही असू शकतात, हे त्यांच्या लक्षात येऊ लागलं होतं.

"फोटोवाले, माझा चेहरा दिसत नाही."

"साहेब, कॅमेरा थोडा उचलला तर..."

"ते धोरणात बसत नाही." साहेबांनी विचार केला. ते विचार करत तेव्हा दोन्ही गाल आत ओढत. "कॅमेरा वर जाऊ शकत नाही. मग चेहरा खाली येऊ शकतो."

आधी त्यांनी खाली बसून पाहिलं. त्या कोनातून फक्त नाकपुड्या आल्या. मग प्रसिद्धी विभागात सतरंजी अंथरली आणि मोठे साहेब कुशीवर आडवे झाले. फोटोवाले समोर पालथे होतेच. दोघांची नजर एका पातळीवर आली. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे दोघंही थोडे लाजले. फोटो मात्र झकास आला. साहेबांचा संपूर्ण चेहरा, एक कान सतरंजीवर, पाठीमागे कपाटाचे पाय.

यानंतर जे झालं त्याला कुणी परिपत्रक काढलं नव्हतं. ते लोकांनी हौसेनं केलं. समारंभात मोठे साहेब आडवे होतात, म्हणजे आडवं होणं मोठेपणाचं आहे, हे छोट्या साहेबांनी पहिल्यांदा ओळखलं. मग मान्यवर आडवे होऊ लागले आणि साहेबांच्या डोक्याकडची जागा कुणाला यावरून रुसवेफुगवे सुरू झाले. निमंत्रणात छापून येऊ लागलं की अमुक अमुक यांना शेजारी आडवं होण्याचा मान देण्यात येईल. सभागृहातल्या खुर्च्या भांडारात गेल्या. भांडारपालांना आनंदानं भरून आलं. गावात कुणाच्या घरी वाढदिवस असला तरी पाहुणे आले की आधी ओळीनं पडून घ्यायचे. जो उभा राहील त्याला पाणी आणायला सांगायचे.

या सगळ्यात फोटोवाल्यांच्या सासूबाई अडकल्या. ज्येष्ठांचं ओळखपत्र असलं की बसमध्ये पुढची जागा मिळते, आणि त्यावरचा फोटो कार्यालयाच्याच कॅमेऱ्यानं काढलेला लागायचा. बाहेरचा फोटो चालत नसे, कारण बाहेरचा फोटो कुणीही कुणाचाही काढून आणू शकतं. सासूबाई पातळ नेसून, केस चापून प्रसिद्धी विभागात आल्या. सतरंजीकडे पाहून त्यांनी जावयाला विचारलं, "हे काय?"

"इथं आडवं व्हायचं, आई. सगळेच होतात."

"का?"

"कॅमेरा पडू नये म्हणून."

सासूबाईंनी जमिनीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग शर्टाला माती लागलेल्या जावयाकडे पाहिलं. "तो पडू नये म्हणून मी पडू?"

"नियमच आहे."

"मला आडवं व्हायचं असेल तेव्हा मी माझ्या घरी होईन, आणि उठायला कुणाचा हात लागणार नाही अशा वयात असते तर इथंही झाले असते. आता नाही." असं म्हणून त्या निघाल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "रात्रीसाठी येताना कोथिंबीर आणा."

फोटोवाल्यांना त्या दिवशी कॅमेरा पुसावासा वाटला नाही. पण पुसला.

वर्ष संपता संपता एकाही कार्यालयीन वस्तूला इजा झाली नाही, याबद्दल मोठ्या साहेबांचा सत्कार ठरला. सत्कारमूर्तीचा मान वेगळा दिसावा म्हणून त्या दिवशी फक्त त्यांनी आडवं व्हावं आणि बाकीच्यांनी भोवती उभं राहावं, असा निर्णय झाला. कुशीवर झोपलं तर पुष्पगुच्छ ठेवणार कुठं, म्हणून साहेबांना उताणं करून तो छातीवर ठेवला. त्यांनी दोन्ही हातांनी तो धरला. छोट्या साहेबांचं भाषण लांबलं. "साहेबांनी जे करून ठेवलंय ते विसरता येणार नाही," असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. फ्लॅश उडाला त्या क्षणी साहेबांनी डोळे मिटले होते. फ्लॅशमुळे मिटले की भाषणामुळे, हे फोटोवाल्यांनाही कळलं नाही. दुसरा फोटो काढणार तोवर साहेब उठले होते.

वर्तमानपत्रात पानं लावणारा माणूस सज्जन होता. आजवर नगर कार्यालयाचे आडवे लोक त्याने निमूट छापले होते, पण ते डोळे उघडे ठेवून पडलेले असत. आज त्याच्यासमोर एक गृहस्थ उताणे, डोळे मिटलेले, छातीवर फुलं, आणि भोवती स्तब्ध उभे बूट. सोबत ओळ, 'त्यांचे कार्य विसरता येणार नाही.' त्याने उसासा टाकला, फोटो स्थानिक घडामोडींतून काढून श्रद्धांजलीच्या पानावर नेला, आणि स्वतःच्या मनानं काळी चौकट घातली.

सकाळी मोठे साहेब नेहमीप्रमाणे कार्यालयात आले. वर्तमानपत्र ते कार्यालयातच वाचत, कारण तिथे वेळ असे. आत सगळे कर्मचारी माना खाली घालून उभे होते. शिस्तीचे भोक्ते असल्यामुळे साहेबही दारातच मान खाली घालून उभे राहिले. सगळं आटोपल्यावर त्यांनी शेजारच्या भांडारपालांना हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"साहेब, आपण."

"मी कुठे जातोय, आत्ता तर आलो."

छोटे साहेब पुढे आले. त्यांचे डोळे खरोखरच ओले होते. कार्यालयप्रमुखपदाची तात्पुरती सूत्रं त्यांनी सकाळीच स्वीकारली होती आणि दुःख व आनंद एकाच चेहऱ्यावर बसवताना त्यांची ओढाताण होत होती.

"साहेब, वर्तमानपत्रातल्या बातमीवरून नोंदणी लिपिकानं नोंद घेऊन टाकलीय," ते म्हणाले. "त्याला तत्पर राहायला आपणच सांगितलं होतं."

मोठे साहेब तळमजल्यावर नोंदणी लिपिकाकडे गेले. लिपिक उठून उभा राहिला, म्हणजे आदरात कमतरता नव्हती.

"मी जिवंत आहे," साहेब म्हणाले.

"असाल, साहेब. ताजा फोटो जोडा. उभ्याचा. आडवा नको, आडवा आहे आमच्याकडे."

"अरे, मी तुझ्यासमोर उभा आहे."

"समोर उभे राहणारे रोज येतात, साहेब. आम्ही कागदावर बघतो. आणि फोटो कार्यालयाच्याच कॅमेऱ्याचा पाहिजे, आपलंच धोरण आहे."

साहेब जिना चढून परत वर आले. त्यांच्या खुर्चीत छोटे साहेब बसले होते, म्हणून ते पहिल्यांदाच अभ्यागतांच्या बाकावर बसले. बाक डुगडुगत होता. याबद्दल लोकांच्या तक्रारी आल्याचं त्यांना अंधुक आठवलं.

"ते शून्य उंचीचं परिपत्रक मागे घ्या," ते म्हणाले. "माझा उभा फोटो काढता आला पाहिजे."

"मागे घेण्याचा अधिकार फक्त आपल्याला आहे."

"मग मी घेतो."

"आपण तर..." छोट्या साहेबांनी नजर खिडकीकडे वळवली. "आणि मी घ्यावं म्हटलं, तर आपल्या धोरणाला आपल्या पश्चात मी हात लावणं बरं दिसत नाही. लोक काय म्हणतील?"

"पण मी इथं आहे."

"म्हणूनच तर जास्त वाईट वाटतं."

संध्याकाळी मोठे साहेब फोटोवाल्यांच्या घरी गेले. दार सासूबाईंनी उघडलं. सकाळचं वर्तमानपत्र त्यांच्या हातातच होतं. त्यांनी पानाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं.

"या. चहा चालेल ना अजून?"

साहेब मोडून पडल्यासारखे बसले. दिवसभरात त्यांच्या घरी शोक करणारे येऊन गेले होते. साहेबांनी स्वतः दार उघडलं तरी त्यांना बाजूला सारून लोक आत जात होते आणि साहेबांच्या पत्नीला धीर देत होते. शेजाऱ्यांनी तर साहेबांनाच सतरंज्या उचलू लागायला सांगितलं होतं.

"फोटोवाले, एकदाच कॅमेरा उचला," साहेब म्हणाले. "एकच फोटो."

फोटोवाले हातातल्या कपाकडे पाहत राहिले. नोकरी टिकवायला त्यांनी छाती घासून काढली होती. रुमालाचा शेरा आधीच मागे लागलेला.

"साहेब, पडला तर?"

"पडला तर पडू दे," मोठे साहेब म्हणाले. मेल्यावर माणूस मोकळं बोलतो.

"उद्या मीही येते," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही उचलणारच आहात, तर माझंही काम होऊन जाईल. दोनदा वाकायला नको."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत, भांडारपाल डबा खात असताना, तिघं प्रसिद्धी विभागात शिरले. कॅमेरा जमिनीवर, खडूनं आखलेल्या चौकोनात होता. फोटोवाल्यांनी दोन्ही हातांनी तो उचलला आणि डोळ्याला लावला. कितीतरी दिवसांनी खोलीत माणसं दिसली. त्यांना गुडघ्यांच्या वरही बरंच काही होतं. सासूबाईंच्या कपाळावर एक केस सुटला होता. मोठे साहेब गाल आत ओढून उभे होते आणि या उंचीवरून पाहिलं तर ते बरेच घाबरलेले होते. फोटोवाल्यांना गंमत वाटली. आपण इतके दिवस बुटांना घाबरत होतो, असं त्यांच्या मनात आलं.

"नीट धरा हं," साहेबांनी उभ्या उभ्या सांगितलंच.

दोन्ही फोटो सुरेख आले. साहेबांचा फोटो नोंदणी लिपिकाकडे गेला, त्यानं तो वर पाठवला, आणि तिसऱ्या मजल्यावर चौकशी समिती बसली. छोटे साहेब, म्हणजे आताचे मोठे साहेब, अध्यक्ष होते. त्यांनी फोटो उजेडात धरला.

"हा फोटो डोळ्यांच्या उंचीवरून काढलाय."

"हो," फोटोवाले म्हणाले.

"म्हणजे कॅमेरा उचलला होता. याचा पुरावा काय, असं आम्ही विचारणार होतो, पण पुरावा तुम्हीच दिलात. कुणाच्या सांगण्यावरून उचललात?"

"मोठ्या साहेबांच्या."

"ते वारलेत. गेलेल्या माणसाच्या नावावर ढकलणं शोभत नाही."

"मी सांगितलं होतं," डुगडुगत्या बाकावरून मोठे साहेब म्हणाले. त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. दिवंगतांच्या बोलण्याची नोंद घ्यायची तर कामकाज कधी संपलंच नसतं.

निकाल सविस्तर होता. धोरण मोडून काढलेला फोटो असल्यामुळे साहेबांच्या जिवंतपणाचा पुरावा म्हणून तो धरता येत नव्हता. फोटोवाल्यांच्या अपराधाचा पुरावा म्हणून मात्र तो पुरेपूर होता. फोटोवाल्यांची बदली भांडारात झाली. सासूबाईंचा फोटो परत आला, तो त्यांनी घरात आरशाशेजारी लावला. "मला बसमध्ये लोक तोंड बघून जागा देतात," त्या म्हणाल्या, "कार्ड कुणी बघत नाही."

कॅमेरा हातानं उचलता येतो, हे उघडकीस आल्यावर शून्य उंचीचाही भरवसा उरला नाही. भांडाराच्या फरशीत खड्डा खणून कॅमेरा त्यात ठेवला आणि वर झाकण बसवलं. पुढे खड्ड्यात ओल शिरली आणि कॅमेरा बंद पडला. भांडारपालांनी अहवालात ठासून लिहिलं की कॅमेरा बंद पडला आहे, पण पडलेला नाही. त्याबद्दल त्यांना पुष्पगुच्छ मिळाला. तो त्यांनी उभ्यानं घेतला आणि दोन्ही डोळे ताणून उघडे ठेवले.

मोठे साहेब रोज सकाळी कार्यालयात येतात आणि तळमजल्याच्या रांगेत उभे राहतात. रांगेतल्या लोकांना ते प्रत्येक खिडकीवर काय लागतं ते बरोबर सांगतात, त्यामुळे कामं भराभर होतात. ते जिवंत असताना इतकी कधी झाली नव्हती.

आडवं होण्याची हौस गावात अजून ओसरलेली नाही, आणि त्यामुळे नोंदणी विभागाचा गोंधळ वाढत चाललाय. यावर उपाय म्हणून नव्या साहेबांनी घरोघर पडताळणीचा आदेश काढलाय. नोंदणी लिपिक दारात उभं राहून आत एक नजर टाकणार. जो उभा दिसेल तो जिवंत, जो आडवा दिसेल त्याची नोंद जागच्या जागी करायची. हे वाचतानाही तुम्ही बहुधा उशीला टेकून पडलेले असाल. मधे कुठेतरी हसलात, मग कूस बदललीत. लिपिकाच्या मते तेवढा पुरावा पुरत नाही.